आर्थिक सल्लागाराची सावनेरला केलेली चौकशी

माणूस भरवशाचा आहे की नाही, हे तपासण्याचं काम आमच्या घरात माझ्याकडे आलं. कारण मी वर्तमानपत्रात होतो. दुसरं कोणतंही कारण नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि उभ्या नोकरीचा फंड एकरकमी त्यांच्या हातात आला. त्यातून प्रताप नगरला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधायच्या, हे ठरलेलं. तेवढ्यात वैरागडे नावाचे आर्थिक सल्लागार घरी येऊ लागले. वय तिशीच्या आतबाहेर, अंगात सफारी, काखेत चामडी बॅग. सगळी रक्कम एका खासगी कंपनीत ठेव म्हणून ठेवा, काही वर्षांत वरचा मजलाही चढेल, असं ते सांगत. बाबांना वरचा मजला दिसू लागला. आईला खालचाही दिसेना.

"माणूस कुठला, कसा, काही माहीत नाही. पैसे बुडाले तर जन्म भाड्याच्या घरात जाईल!"

"मग हा पेपरवाला कशाला आहे घरात? काढेल माहिती," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पण पैशाबद्दल अवाक्षर नको. परगावी पैशाचं नाव काढलं की चोर पत्ता शोधत येतो."

वैरागडे मूळचे सावनेरचे. त्यांची आई तिथेच राहत होती. मी एसटीनं सावनेर गाठलं. त्यांच्या घराजवळच्या पानठेल्यावर (बातमीदारीच्या नियमाप्रमाणे) स्वतःचं नाव, पेपर आणि मोहल्ला सांगितला आणि थेट विचारलं, "वैरागडे माणूस कसा आहे?"

पानठेलेवाल्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "काहून विचारून राहिले, भाऊ?"

"घरगुती काम आहे."

त्याचा चेहरा उजळला. "मंग ठीक हाये! अस्सा पोरगा जिल्ह्यात नाही पाहा. दारू नाही, जुगार नाही."

"व्यवहाराला?"

"सोनं!"

शेजारच्या काकूंना विचारलं. त्यांनी आधी मला पोहे खाऊ घातले आणि म्हणाल्या, "डोळे मिटून होय म्हणा." पलीकडच्या गुरुजींना गाठलं. ते तर गहिवरलेच! बातमीला दोन सूत्रं लागतात, माझ्याकडे तीन होती. (तिन्ही सूत्रांनी आमच्या घरी बहीण आहे का, हे विचारलं. सावनेरचे लोक अगत्यशील आहेत, अशी मी नोंद घेतली.)

"माणूस निर्धोक," मी घरी जाहीर केलं. रविवारी सही करायचं ठरलं.

रविवार उजाडला. वैरागडे आले. बाबांनी चष्मा पुसला, चेकबुक उघडलं, रक्कम अक्षरात लिहिली. पेन सहीच्या जागेवर आलं, आणि दार वाजलं.

दारात नऊवारीतल्या एक वयस्क बाई, हातात पेढ्यांचा पुडा. मागे फेटा बांधलेले एक गृहस्थ. बाईंची नजर वैरागड्यांवर गेली.

"अरे! तू माझ्या आधीच येऊन बसला? लाज नाही वाटत गा?"

"आई! मामा! तुम्ही इथं काहून?" वैरागडे उभे राहिले.

"काहून म्हणजे? पोरगी पाह्याले!"

नेमकी याच क्षणी माझी बहीण सुमती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर तेवढा नव्हता, बाकी देखावा पूर्ण होता!

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पेन अजून चेकवरच होतं. मी छताकडे पाहिलं. अविवाहित तरुणाची, परगावाहून येऊन, कारण न सांगता केलेली चौकशी! सावनेरनं त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला होता. मी बोलण्यासाठी तोंड उघडलं; पण आईनं डोळ्यांनीच गप्प केलं आणि बाईंना पाट दिला.

"बसा. गावात तर सगळ्यांनी फार चांगलं सांगितलं हो तुमच्या मुलाबद्दल."

"सांगतीलच," बाई म्हणाल्या. "लग्नाच्या चौकशीत आमच्याकडे कोणी वाकडं बोलत नाही. जुळत असलेलं मोडलं तर पाप लागते. पण मले पराया लेकीले फसवायचं नाही, बाई. पोरगं मनाचं चांगलं हाये. फक्त त्याच्या हाती पैसा देऊ नका."

वैरागडे पुढे सरसावले.

"आई, काय बोलून राहिली तू?"

"चूप बस! बापाचं वावर इकलं यानं. मंग माह्या पाटल्या. कोणती तं कंपनी म्हणे."

"माह्ये बैलाचे पैसेही त्यातच गेले," मामांनी माहितीत भर घातली.

"मामा, ती कंपनी जरा अडचणीत आहे, एवढंच..."

"तीच का ही?" बाबांनी विचारलं.

वैरागडे बॅगेचा पट्टा आवळू लागले. बाबांनी पेनला टोपण लावलं. टक्! आईनं आठवडाभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

"मला मुलगा पसंत नाही," सुमतीनं सांगून टाकलं.

"मलाही कोणी विचारलं नव्हतं," वैरागडे कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

फंड पोस्टात गेला, पुढे त्यातूनच प्लॉट झाला, दोन खोल्याही उभ्या राहिल्या. बाबांनी गोतावळ्यात सांगून टाकलं, "पोरानं अशी चौकशी केली की खुद्द त्याची आई येऊन खरं सांगून गेली!" तेव्हापासून मावश्या, आत्या, चुलते पैसे गुंतवण्याआधी माझा सल्ला घेतात. मी गंभीर चेहऱ्यानं एकच सांगतो: पोस्टात ठेवा. माझे स्वतःचे कुठे आहेत, हे अजून कोणी विचारलेलं नाही. सावनेरहून परतल्यावर, तीन सूत्रांच्या भरवशावर, ते मी त्याच संध्याकाळी वैरागड्यांना देऊन आलो होतो.