बागेतली शेवटची लिंबं

सियागंजच्या घाऊक बाजारात लिंबांच्या पोत्यांचा वास आला, की शहराबाहेरची ती जळणारी बाग आठवते. खैऱ्या रोगाने डागाळलेली सगळी झाडं उपटून जाळली, तरच सरकारी अनुदान मिळणार होतं. खात्री करायला प्रयोगशाळेने मला पाठवलं होतं. पुराव्याच्या फोटोसाठी मालक धुतलेला सदरा घालून ज्वाळांसमोर उभे राहिले. "काकाजी, जरा स्माइल तरी द्या," फोटो काढणारा कर्मचारी सवयीने म्हणाला. "चितेपुढे कोण हसतं, भिया?" मालकांनी विचारलं. निघताना त्यांच्या पत्नीने पदरातली लिंबं माझ्यापुढे धरली. "मॅडमजी, पहिल्यांदा आलात, खाली हात कसं पाठवू?" खाणाऱ्याला त्या रोगाचा धोका नव्हता, पण बाहेर गेलेल्या एका फळानेही दुसऱ्या बागेला लागण होऊ शकली असती, म्हणून नियम कडक होता. मी तो हळू आवाजात समजावला. त्यांनी स्वतःच्या हातांनी एकेक लिंबू आगीत टाकलं. मग रिकामा पदर झटकत म्हणाल्या, "चाय तर चालेल ना? दुधाची आहे, लिंबाची नाही." आता असे नियम मीच लिहिते. तो नियम योग्यच होता, आणि तरीही तो चहा मला मान वर करून पिता आला नव्हता.