तीन रेघांची तबकडी

बोलण्यावर माझं पोट चालतं, तरी हे आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. दर रविवारी सकाळी लातूरच्या रेडिओवर मी माझ्या संग्रहातल्या तऱ्हेवाईक तबकड्या लावतो — गाण्याच्या मध्येच कोंबडा आरवतो ती, गायिकेला शिंक येते आणि तरी ती सूर सोडत नाही ती. लोक फोन करून विचारतात, सर, कुठून आणता हो असल्या वस्तू? मी रंगवून सांगतो. रंगवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

एका तबकडीची हकिगत मात्र रंगवलेली नव्हती, ती खोटी होती. आणि खोटं हा शब्दही इथे जरा सौम्यच — पण थांबा, क्रमानं सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी जुन्या लाउडस्पीकरवाल्यांच्या आठवणी गोळा करायला मी नांदेडला गेलो होतो. तिथे खैरूनआपा भेटल्या. वय साठीचं, घरीच शिवणकाम करायच्या. त्यांचे वडील लग्नांत लाउडस्पीकर लावायचे. आपांनीच मला सांगितलं की दोन्हीकडचे लाउडस्पीकरवाले एका मांडवात आले की तबकड्या मिसळायच्या, म्हणून प्रत्येक जण मधल्या कागदाभोवतीच्या गुळगुळीत जागेत खिळ्यानं आपली खूण कोरायचा. ही माहिती नंतर मी रेडिओवर दहा वेळा मिरवली.

वडील एका कव्वाली पार्टीत मागे बसून साथही करायचे. त्या पार्टीची एकच तबकडी निघाली, कुठल्याशा बारक्या कंपनीची. तिच्यात एक जागा आहे. मुख्य गवई श्वास घ्यायला थांबतो, मागच्या सगळ्यांनी आता उचलायचं असतं — आणि एक माणूस ठोकाभर आधीच एकटा सुरू होतो. चुकून. लगेच बाकीचे त्याला येऊन मिळतात, पण तेवढे दोन शब्द एकट्या त्याचे. कंपनीनं चूक तशीच छापली. तो माणूस म्हणजे आपांचे अब्बा. आपा सहा वर्षांच्या असताना ते गेले, फोटो एकही नाही. मागे राहिले ते हे दोन शब्द.

आपांचं तबकड्या वाजवायचं मशीन कधीच बंद पडलेलं. मोबाईलमध्ये भरून दे, रोज ऐकीन, असं म्हणून त्यांनी ती तबकडी परकराच्या जुन्या कापडात गुंडाळून माझ्या हाती दिली.

घरी येऊन लावली. काय सांगू तुम्हाला? हजारो तबकड्या ऐकलेला माणूस मी, त्या दोन शब्दांना अंगावर काटा आला. चुकलेला, घाबरलेला, तरी पूर्ण सुरात असलेला तो आवाज — साठ वर्षांपूर्वीचा एक माणूस माझ्या खोलीत येऊन उभा राहिला. मी सुई मागे घेतली. पुन्हा. आणखी पुन्हा. सातव्या-आठव्या वेळी मला कळून चुकलं, की ही मी परत देणार नाही.

आपांना फोन केला. म्हणालो, हातातून सुटली, फुटली, भरायच्या आधीच.

मग आपा म्हणाल्या, "तुकडे पायात न्हाई ना गेले, भैया? काचंवानी लागतेत ते."

निदान मोबाईलमध्ये भरून देऊन मग फुटली म्हणता आलं नसतं का? आलं असतं. सुचलंही होतं. पण मग ते दोन शब्द आणखी कुणाकडे असते — आणि मला ते एकट्याला हवे होते. इतका हलकट विचार मी शांतपणे, चहा पीत केला.

पुढे एकदा आपांनी कार्यक्रमात फोन लावला. कुठल्या बाजारात तशी दुसरी सापडली तर लाव, म्हणाल्या. नक्की, आपा, असं मी सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल असं म्हणालो. लावणार कशी? त्यांच्या प्रतीवर सुरुवातीलाच एक ओरखडा होता, टक-टक वाजणारा. त्यांनी तो लगेच ओळखला असता.

मग यंदा त्यांच्या सुनेकडून कळलं, आपांचे दोन्ही कान गेले. आणि मी — हे वाचताना डोळे मिटू नका — मी त्याच रविवारी ती तबकडी लावली. मुखेडच्या बाजारात भंगाराखाली सापडली, असं सांगितलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. सुनेनंही ऐकलं, आपांना लिहून दाखवलं. निरोप आला: मला नुसती बघू दे.

पेटीतलं मशीन घेऊन मी नांदेडला गेलो. भीती नव्हती. कान गेलेल्या बाईला काय कळणार होतं?

आपांनी मशीनच्या लाकडावर तळवा टेकवला. तबकडी फिरू लागली. कव्वालीच्या टाळ्या लाकडातून त्यांच्या हातात जात असाव्यात, कारण त्यांची मान डोलायला लागली. आणि गवई थांबला त्या क्षणी — ना आधी, ना नंतर — त्यांचं एक बोट वर उचललं गेलं, आणि ओठांनी ते दोन शब्द म्हटले. एकटीनं, ठोकाभर आधी, वडिलांच्या बरोबर. ऐकू येत नसताना. त्याहून मोठं काही मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. नऊ वर्षं मी काय जपत होतो? ते सगळं तर त्यांच्याकडेच होतं.

गाणं संपलं. आपांनी तबकडी उचलून मांडीवर घेतली आणि अंगठा कागदाभोवती फिरवला. एका जागी तो थांबला. मी वाकून पाहिलं. शेजारी शेजारी तीन बारीक रेघा, खिळ्यानं कोरलेल्या. नऊ वर्षांत माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

"अब्बाच्या हातची खूण हाय," आपा म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. कान गेलेल्या माणसाशी बोलायला कागद लागतो, कागद समोरच होता, पेनही होतं. मी काही लिहिलं नाही.

आपांनी शिवणाच्या टोपलीतून एक नवं कापड काढलं, तबकडी नीट गुंडाळली आणि माझ्यापुढे धरली. "घेऊन जा, भैया. मशीन तुझ्याकडं हाय."

मी ती घेतली, पिशवीत घातली आणि चारची लातूर गाडी पकडली.