घोंघिलांच्या वळणावर गोडं पाणी

रायपूरला सिंचनाच्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं खारून नदीचं पाणी तपासलं. पाणी बाटल्यांतून यायचं. मी खारेपणा मोजायची, वहीत लिहायची, वही कपाटात ठेवायची. ती पुढे कोणी उघडतं का, हे मी कधी विचारलं नाही.

एका एप्रिलमध्ये वन विभागाचे एक रेंजर बादली घेऊन आले. बादलीत मेलेल्या गोगलगायी होत्या. सुरुवातीला ते हिंदीत बोलले, मग टेबलावरचं मराठी कॅलेंडर पाहून थबकले.

“आपल्यातल्याच का तुमी, मॅडम?”

ते भंडाऱ्याकडचे, आमचं घर कित्येक पिढ्यांपासून रायपूरच्याच बूढापाऱ्यात.

“पावसाच्या तोंडावर घोंघिल येतात नदीच्या वळणावर,” ते म्हणाले. “करकोच्यासारखे पक्षी. ह्या गोगलगायीच खातात. ह्या मेल्या तं त्यांचे पोट्टे काय खातीन?”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्यासोबत नदीवर गेले. इतक्या वर्षांत मी नावेत बसले नव्हते, हे सांगायची मला लाज वाटली. धुकं नव्हतं, तरी सगळं अंधूक, मऊ दिसत होतं. वल्ह्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटे. काठावरच्या चिंचांवर मागच्या वर्षीची घरटी होती, रिकामी, आणि पाण्यात त्यांची सावली हलत होती. मी मीटर बुडवायचं विसरून बघत राहिले.

म्हाताऱ्या नावाड्याने ओंजळीतलं पाणी जिभेला लावलं आणि थुंकलं. “खारा होगे हे, दीदी.”

मग मी मोजलं. त्याचं बरोबर होतं.

कारण साधं होतं. वरच्या अंगाला आमच्या विभागाचा बुटका बांध. शहराला पाणी पुरावं म्हणून त्याची दारं उन्हाळाभर बंद. खाली बीरगांवकडून कारखान्यांचा नाला यायचा, आणि गोडं पाणीच नसल्याने त्याचं खारट पाणी त्या वळणावर तसंच साचून राही. दारं आमची, पक्षी वन विभागाचे, नाला प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. तिघांची पत्रं तीन कार्यालयांत फिरत. प्रत्येकावर एकच शेरा: विषय आमच्या अखत्यारीतला नाही.

मी कपाटातल्या अकरा वह्या काढल्या. तिन्ही विभागांच्या बैठकीत मी त्या आमच्याच साहेबांसमोर ठेवल्या. साहेब पानं उलटत गेले. दर उन्हाळ्यात आकडा चढत होता.

“आपने पहले क्यों नहीं बताया?” त्यांनी विचारलं.

“कोणी विचारलंच नाही, सर,” मी घाबरून मराठीतच बोलून गेले. रेंजर खाली मान घालून हसले.

ठरायला तीन बैठका लागल्या. आठवड्यातून एकदा आम्ही एक दार थोडं उघडायचं. त्या दिवशी कारखान्यांनी आपलं पाणी हौदात अडवून धरायचं, आणि ते धरलंय की नाही हे प्रदूषणवाल्यांनी जाऊन पाहायचं. वळणावरचा खारेपणा मी मोजायचा, आणि आकडा त्याच संध्याकाळी तिन्ही साहेबांना कळवायचा.

पहिल्यांदा दार उचललं तेव्हा पाणी गर्जत येईल असं मला वाटलं होतं. ते आलं गुपचूप, झोपेतून उठल्यासारखं. कोरड्या दगडांमधून वाट काढत ते वळणापर्यंत पोचलं, तोवर दुपार झाली होती. रेंजर चपला काढून घोटाभर पाण्यात उभे राहिले.

“बोलून नका राहू आता,” ते म्हणाले. खरं तर मी काहीच बोलत नव्हते.

त्या वर्षी घोंघिल आले नाहीत. पुढच्या वर्षी आले, पण घरटी न बांधताच उडून गेले. मग रेंजरची बदली बस्तरला झाली. जाताना ते इतकंच म्हणाले, “दार बंद होऊ देजा नोका.”

यंदा, आषाढात, मी नावेतून त्यांना फोन लावला. डोक्यावरच्या चिंचा घोंघिलांनी पांढऱ्या झाल्या होत्या, आणि चोचींवर चोची आपटल्याचा लाकडी खडखडाट सगळीकडून येत होता. मी फोन वर धरला.



“पोट्टे आहेत?” त्यांनी विचारलं.

“हव,” मी म्हणाले. “भुकेले आहेत. ओरडून राहिलेत.”