बिजलीनं खाल्लं का?

पारनेरच्या माळावर नवं रान दिसलं की मेंढपाळ आधी हेच विचारत, "रंगूमावशी, बिजलीनं खाल्लं का?"

बिजली म्हणजे रंगुबाईची शेळी. फार पूर्वी, नवरा हयात असताना, पावसाने ताण दिलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन रंगुबाईच्या मेंढ्यांना किराळ लागली होती. ते विष दिसत नाही. मेंढरू तोंड घालतं आणि थोड्या वेळात पाय झाडत पडतं. तेव्हापासून बाई ताकही फुंकून पिते. नव्या रानात आधी शेळी बांधायची, मग आपण भाकरीला बसायचं. भाकरी संपली तरी शेळी धड उभी असेल, तरच कळप सोडायचा. मेंढ्याही अशा, की बिजली जाईल तिथे माना खाली घालून मागोमाग. डोकं कुणी चालवायलाच नको. आपली माणसं तरी काय वेगळं करतात म्हणा!

यंदा श्रावणातच पाऊस गडप झाला. मेंढ्यांची पोटं पाठीला लागली. माझ्या शेताशेजारच्या शेतकऱ्याने वैरणीची ज्वारी कापलेलं रान चारायला दिलं, तर रंगुबाईचा मुलगा अमृत बांधावरच अडला.

"आई, फुटवं पान्यावाचून सुकल्यात. एक पाऊस पडू दी, मग चारू."

"पाऊस तुला सांगून येनार हाय व्हय? बिजली सांगंल."

तिने बिजलीला बांधाच्या कडेला, विहिरीच्या पाटाजवळ बांधलं. शेळीने हावरटासारखं खाल्लं. रंगुबाईने सावकाश भाकरी खाल्ली, हात धुतले. बिजली मजेत रवंथ करत होती. कळप सुटला.

रानाच्या मधोमध पोचलेल्या मेंढ्या आधी लटपटल्या. मग एकेक आडवी व्हायला लागली, तोंडाला फेस. आरडाओरडा ऐकून मी धावलो. अमृत गूळपाणी पाजत होता, मी काठीने हाकत होतो, पण उरलेल्या मेंढ्या हलेनात. बिजली अजून रानातच, पाटाच्या कडेचं हिरवं खात होती ना! शेवटी रंगुबाईने तिला शिंगांना धरून फरफटत बाहेर काढली, तेव्हा त्या मागे आल्या. वीसेक तिथेच राहिल्या. मला अजून त्या रानाकडे बघवत नाही.

अमृतचा सगळा राग शेळीवर निघाला. "इकून टाकतो हिला. फसवलं हिनं."

"तिनं न्हाई फसवलं," रंगुबाई म्हणाली. "पाटाच्या वलीचं हिरवंगार हुतं, त्ये तिनं खाल्लं. तिथं मीच बांधली." बिजलीच्या पाठीवरून हात फिरवत ती पुन्हा म्हणाली, "लई म्हातारी झालीया रं ती. मला ती मरायला नको हुती."

मी आधी चिडलो, मग मलाच गलबलून आलं. परीक्षा घ्यायची शेळीची, आणि त्याच शेळीवर जीव जडलेला. अशी परीक्षा काय कामाची?

पंधरवड्याने दुसरं रान मिळालं, तेही ज्वारीचंच. पाऊस नव्हता आणि माळावर खायला दुसरं काही उरलं नव्हतं. मेंढ्या बांधावर थांबून बिजलीकडे बघत होत्या. रंगुबाईने दोराचे वेढे हाताला घट्ट गुंडाळले होते. ते तिने एकेक करून सोडवले आणि दोर अमृतच्या हातात दिला.

"मधी बांध," ती म्हणाली, आणि रानाकडे पाठ करून बसली. त्या दिवशी तिने भाकरीचं फडकं सोडलंच नाही.