मामांचा संथ ठेका

बसमध्ये बसले की मामा डब्याच्या पिशवीतून छोटा स्पीकर काढायचे, मांडीवर ठेवायचे, त्यावर तळहात टेकवायचे आणि म्हणायचे, “आता बोलू नका रं. दिवस उतरू द्या.”

तुम्ही वाळूजच्या कारखान्यांतून शहरात येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कधी बसला असाल, तर पाळी सुटल्यावरची ती तोंडं पाहिलीच असतील. घामेजलेली, कुणाशी देणंघेणं नसलेली. सगळी बस त्यांना मामाच म्हणायची. ते प्रेसवर, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या मशीनवर. पन्नाशी उलटलेली, गाव पिशोर, खोली शहरात, उस्मानपुऱ्यात. मी स्टोअरमधला कारकून, त्यांच्या शेजारच्या सीटवरचा.

गाणं एकच. रॅप. पहिल्या दिवशी मी कपाळावर हात मारला. रॅप म्हणजे कुणीतरी आपल्यावर खेकसणार, एवढंच मला ठाऊक. वर आवाज हा मोठा! पण हे प्रकरण निराळं निघालं. ठेका अगदी सावकाश, खोल. त्यावर आपल्याच शहरातलं एक पोरगं अर्धं दखनी, अर्धं मराठी असं बोलत होतं, ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या सोडत असल्यासारखं. आठवडाभरात माझे खांदे त्या ठेक्यावर आपोआप खाली यायला लागले. सिनेमातली गाणी मागणारी मंडळीसुद्धा गुमान डोळे मिटायची. एखाद्या दिवशी उशीर झाला तर मीच विचारायचो, मामा, लावलं नाही अजून?

मग वार्षिक मेडिकल आलं. प्रेसवाल्यांचे कान तपासतात. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. नापास झालेल्याला प्रेसवर ठेवत नाहीत, आणि मामांसारख्या ठेकेदाराच्या माणसाला दुसरं खातं कोण देणार? मामांच्या घरी कमावणारे ते एकटेच. त्या आठवड्यात ते उगाचच हसत होते.

बाहेर आले ते मान खाली घालून. आत गार होतं, शांत होतं, अंग आंबलेलं. डोळा लागल्यागत झालं आणि डोक्यात गाणं कधी सुरू झालं, त्यांना कळलंच नाही. बोट ठेक्यावर बटण दाबत राहिलं. तपासणाऱ्या बाईंनी दार उघडून सांगितलं, “काका, मी अजून काही वाजवलंच नाही.”

दुसऱ्यांदा नीट तपासलं. निकाल लागायचा तोच लागला.

संध्याकाळी बसमध्ये माझं टाळकं सरकलं होतं. ज्या प्रेसनं कान खाल्ले, तिच्यावरूनच नापास म्हणून उतरवतात! मामांना मात्र भांडायचं त्राण नव्हतं. गाणं लावून ते माझ्याकडं वळले.

“एक सांग. ते पोरगं बोलतंय तरी काय?”

म्हणजे शब्द त्यांच्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते. तळहाताला लागायचा तेवढाच ठेका त्यांचा होता.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन एकेक ओळ ओरडून सांगितली. विशेष काही नव्हतं हो. पाय दुखतायत, आईनं चहा टाकलाय, उद्याचं उद्या बघू. सगळी बस ऐकत होती.

“लई साधं हाय की,” मामा म्हणाले. “मला वाटलं, पोरगीबिरगी असंल.”

महिन्याभरात खोली सोडून ते पिशोरला गेले.

आता फोन मामी उचलतात. बरं आहे का, असं मी विचारतो. मामी ते मोठ्यानं मामांना सांगतात, मामा त्याहून मोठ्यानं मामींना सांगतात, बरं हाय म्हणावं. मला ते आधीच ऐकू आलेलं असतं. तरी मामी सांगेपर्यंत मी थांबतो.