पाठ केलेला धडा

माझी थोरली आत्या सरकारी शाळेत चौथीचा वर्ग शिकवायची. घरात आम्ही तिला घंटा म्हणायचो, कारण तिनं जेवायला हाक मारली की शेजारची मुलंही हात धुवायला उठायची. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, एवढी लेकरं सांभाळून वर आणखी नवरा कोण सांभाळणार.

तिला एकच दुखणं होतं. वर्गातली अर्धी मुलं अक्षरं ओळखायची, पण अक्षरांचा शब्द करायची वेळ आली की छताकडे बघायची. एकेकाला जवळ घेऊन बसावं, तर बाकीचा वर्ग डोक्यावर मिरे वाटायचा.

गावाच्या टोकाला शिक्षणशास्त्राचं मोठं कॉलेज होतं. पदवी झालेली माणसं पुढचं शिकायला तिथे यायची. त्यातली काही अधूनमधून शाळेत येत, रंगीत तक्ते टांगत, एखादा धडा घेत आणि तक्ते गुंडाळून निघून जात. आत्या त्यांना पाहुणे म्हणायची. पण एका वर्षी कॉलेजनं ठरवलं, की आपल्या विद्यार्थ्यांनी वर्षभर एकाच शाळेत तळ ठोकायचा. वाचनात मागे पडलेल्या मुलांना दोघा-तिघांच्या गटात शिकवायचं आणि प्राध्यापकांनीही सोबत बसून गाडं कुठं अडतंय ते शोधायचं. जिथं गरज जास्त, ती शाळा निवडायची.

आत्यानं हेडमास्तरांचा पिच्छा पुरवला. शेवटी कंटाळून त्यांनी शाळेचं नाव दिलं. प्राध्यापकबाई वर्ग बघायला येणार असा निरोप आला.

आणि इथंच माशी शिंकली. वर्ग बघायला कुणीतरी येणार, याचा आमच्याकडच्या शिक्षकांना एकच अर्थ ठाऊक: उणं दिसता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्यानं खिडक्या पुसून घेतल्या, वाचता येणारी मुलं पुढं बसवली आणि उरलेल्यांकडून नदीवरचा धडा घोकून घेतला, पान कुठं उलटायचं त्यासकट.

"हात आपोआप चालले रे," ती मला पुढं कितीदा तरी म्हणाली. "पाहुणे येणार म्हटल्यावर घरातला पसारा कसा कॉटखाली ढकलतो आपण? तसं."

प्राध्यापकबाई हुशार. त्यांनी मुद्दाम मागच्या बाकावरून चिमणीला उठवलं. चिमणी म्हणजे किरकोळ अंगाची, चुणचुणीत पोर, पण एक शब्द धड वाचता न येणारी. तिनं पुस्तक उघडलं, ओळींवरून बोट फिरवलं, नेमक्या जागी पान उलटलं आणि अख्खा धडा खणखणीत म्हणून दाखवला.

बाई खूश झाल्या. "तुमच्या मुलांना आमची गरजच नाही हो," त्या म्हणाल्या. "उलट आमच्या मुलांनी तुमच्याकडे शिकायला यावं."

आत्याच्या हातात खडू होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण दारात हेडमास्तर छाती फुगवून उभे होते आणि चिमणी शाबासकीसाठी तिच्या तोंडाकडे बघत होती. आत्या एवढंच म्हणाली, "वेळ काढून आलात, बरं वाटलं."

कॉलेजची मंडळी बाजारामागच्या शाळेत गेली. वर्ष सरता सरता तिथली पोरं दुकानांच्या पाट्या वाचत रस्त्यानं जाऊ लागली. इतक्या मोठ्यानं, की दुकानदार वैतागले. आत्या त्या रस्त्यानं जायचं टाळू लागली. पुन्हा नाव देऊ या, असं तिनं हेडमास्तरांना सुचवून बघितलं. ते म्हणाले, आता कुठल्या तोंडानं देऊ?

आत्या निवृत्त झाली. एकदा मी तिच्याबरोबर बसथांब्यावर उभा होतो, तर एक तरुण बाई येऊन तिच्या गळ्यातच पडली. चिमणी. कपड्यांच्या दुकानात घड्या घालायचं काम करते म्हणाली. तेवढ्यात बस आली.

"बाई, ही कुठं जाते?"

बसच्या कपाळावर हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. आत्यानं वाचून सांगितलं.

"मग माझीच," म्हणत चिमणी पायरीवर चढली आणि लाजत मागं वळली. "बाई, तो नदीचा धडा मला अजून पाठ आहे बरं का." पहिल्या ओळी तिनं म्हणूनही दाखवल्या. दार लागलं तरी काचेआड तिचे ओठ हलत होते.

मागोमाग आमची बस आली. आत्या जागची हलली नाही. पदर डोळ्यांना लावून तिनं विचारलं, "आपलीच का रे ही?"

पाटी समोरच होती. मी वाचून दाखवली.