डिझेलच्या जागेवर उभी पेट्रोल गाडी

या हिवाळ्यात मी डिझेलची पिकअप विकली आणि पेट्रोलची घेतली. नेकनूर ते बीड मंडई, भाजीच्या फेऱ्या, एवढीच माझी धाव. नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये एक फिल्टर असतो. गाडी लांब पळाली तरच तो साफ होतो, जवळच्या फेऱ्यांत चोंदतो. माझा दोनदा चोंदला. मेकॅनिक म्हणाला, पेट्रोलची घ्या. सल्ला बरोबर होता आणि गाडीही चांगली निघाली. पण ती दारात उभी राहिल्यापासून मला धड झोप नाही. पहाटे उठतो, गाडीभोवती चक्कर मारतो, आत येतो, पुन्हा बाहेर जातो.

समोरच्या चहाच्या हॉटेलवाल्याने ते पाहिलं. "फौजी, गाडी आणलीय का नवी नवरी? सकाळपासून तीनदा बघून आलाव."

मी हसलो. त्याला जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

मी आर्मीत ड्रायव्हर होतो, रँक नायक. आई-वडील ऊसतोडीला जायचे. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि ती पदवीही फौजेत असताना मिळाली. आमच्या सुभेदार साहेबांनी मला बी.ए.ला बसवलं, परीक्षेसाठी रजा मिळवून दिली. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

त्या वर्षी आमची पोस्टिंग लडाखमध्ये एका उंच पोस्टवर होती. बीड जिल्ह्याचे आम्ही दोघेच. मी, आणि धारूरचा लान्स नायक दत्ता शिनगारे. तोही ड्रायव्हर. इतरांसमोर आम्ही हिंदी बोलायचो, दोघंच असलो की गावची भाषा. तो मला नावाने कधी हाक मारायचा नाही. 'बी.ए.' म्हणायचा.

पोस्टवर एकच गाडी होती, डिझेल पिकअप. खालून रेशन आणि रॉकेल आणायचं, आजारी माणूस खाली पोचवायचा, हे तिचं काम. तिथल्या थंडीत डिझेल टाकीतच मेणासारखं घट्ट होतं. त्यामुळे ड्रिल ठरलेलं. बॅटरी रात्री काढून बराकीत न्यायची. पहाटे पत्र्याच्या डब्यात रॉकेलमध्ये भिजवलेले चिंध्यांचे बोळे पेटवायचे आणि लांब दांड्याने तो डबा टाकीखाली सरकवायचा. त्याला आम्ही सिगडी म्हणायचो. तासभर जाळ दिला की डिझेल पातळ व्हायचं आणि गाडी स्टार्ट व्हायची. इकडच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. पण डिझेल सहजासहजी पेट घेत नाही, आणि त्या भागातले बहुतेक ड्रायव्हर हेच करायचे. आमच्या पोस्टवर सिगडीचं काम दत्ताकडे होतं.

रोजची सकाळ अशी वाया जाते म्हणून बटालियनने आम्हाला पेट्रोलची पिकअप दिली. ती संध्याकाळी वर आली. रंग तोच, बांधा तोच. दगडी भिंतीच्या आडोशाला एका गाडीपुरतीच जागा होती. डिझेल गाडी खाली परत जाणार होती, म्हणून ती मैदानाच्या एका बाजूला लावली आणि तिच्या जागी नवी उभी केली. दत्ताने तिची टाकी काठोकाठ भरली. भिंतीच्या मागेच रॉकेलची बॅरल होती, पूर्ण हिवाळ्याची.

सुभेदार साहेबांनी सगळ्यांना रांगेत फॉलइन केलं.

"नई गाड़ी पेट्रोल है। इसके पास आग नहीं जाएगी। समझे?"

"समझे, साहब."

सगळ्यात मोठा आवाज दत्ताचा होता.

त्याच संध्याकाळी सिग्नलचा नायक पिल्लै खोकायला लागला. तो केरळचा, अतिशय शांत माणूस. नर्सिंग असिस्टंटने त्याची छाती तपासली. फुफ्फुसात पाणी भरत होतं. उंचीवरचा हा आजार जीव घेतो. खरा उपाय एकच, माणसाला लवकर खाली नेणं. पण अंधारात त्या बर्फाच्या रस्त्यावर गाडी घालायला मनाई होती. ऑक्सिजनचा सिलिंडर एकच होता आणि तो दुपारपर्यंत पुरणार होता. म्हणजे उजाडताच निघायचं.

जेवण झाल्यावर मी आणि दत्ता गाडी बघून आलो. मला चैन पडत नव्हतं.

"काळजी कावून करायलास बे?" दत्ता म्हणाला. "पेट्रोल हाय. चावी फिरवली की निगाली."

"उशीर नको व्हायला."

"बी.ए. झालास, पर भित्राच ऱ्हायलास. झोप जा."

उजाडायला थोडा वेळ होता तेव्हा मी बॅटरी घेऊन बाहेर आलो. दत्ता आधीच उठलेला. त्याने इंजिनवरचं ब्लँकेट काढलं, आम्ही बॅटरी जोडली, तो आत बसला. अर्ध्या सेल्फमध्ये इंजिन सुरू झालं.

"बग, बी.ए.," तो खुशीत म्हणाला. "हिला म्हनत्यात गाडी."

बराकीच्या दारातून स्ट्रेचर बाहेर आलं. मागचा फाळका उघडायला मी वळलो आणि गाडीखालच्या बर्फावर मला पिवळा उजेड दिसला. हलणारा उजेड. टाकी गरम होऊन झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं.

"दत्ता, खाली सिगडी हाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. काय झालं ते त्याला तिथल्या तिथे कळलं. रोजच्या पहाटेसारखा तो उठला होता, रोजच्यासारखी सिगडी पेटवली होती आणि रोजच्या जागेवर उभ्या असलेल्या गाडीखाली सरकवली होती. हाताने नेहमीचं काम केलं. ऑर्डर डोक्यात होती, हातात उतरली नव्हती.

मी दांडा धरून सिगडी ओढली. तोवर टाकीने पेट घेतला होता.

"उतर," मी ओरडलो.

तो उतरला नाही. भिंतीमागे रॉकेल होतं. समोर चार जवान पिल्लैला उचलून उभे होते. दत्ताने गिअर टाकला आणि पेटलेली गाडी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. तिथे दार उघडलं आणि तो बर्फात पडला. आम्ही ब्लँकेट आणि बर्फ टाकून त्याला विझवलं. गाडी त्याच्या पलीकडे जळत राहिली.

सुभेदार साहेब रेडिओवर गेले. मी शेजारी उभा होतो.

"दो कैज़ुअल्टी. एक बर्न. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"नेगेटिव्ह. विज़िबिलिटी निल. सड़क से लाओ. ओव्हर."

"रॉजर. आउट."

ते माझ्याकडे वळले. "डीज़ल वाली स्टार्ट करो."

डिझेल गाडी स्टार्ट करायची एकच रीत होती. सिगडी विझून बर्फात पडली होती. मी तीच उचलली. बोळे बदलले, रॉकेल ओतलं, काडी ओढली. पहिल्या दोन काड्या विझल्या. तिसरी पेटली. मी सिगडी टाकीखाली सरकवली आणि हातात फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा राहिलो.

तो तास मी बसलो नाही. बराकीत जायचो, परत गाडीपाशी यायचो. बराकीत नर्सिंग असिस्टंट एका हाताने पिल्लैचा मास्क धरून होता, दुसऱ्या हाताने दत्ताच्या भाजलेल्या अंगावर पट्ट्या ठेवत होता. तो मला विचारायचा, "कितना टाइम?" मी सांगायचो, "हो रहा है." सिलिंडरचा काटा आम्ही दोघेही बघत होतो.

शेवटी इंजिन सुरू झालं. दोघांना मागे आडवं ठेवलं, नर्सिंग असिस्टंट मध्ये बसला. केबिनच्या मागची खिडकी मी उघडी ठेवली. उतार पूर्ण गोठलेला होता. डाव्या हाताला दरी.

बऱ्याच वेळाने मागून दत्ताचा आवाज आला.

"बी.ए."

"बोल."

"ब्रेकला हात... पाय लावू नकोस. दुसऱ्या गिअरातच ऱ्हाऊ दे."

"दुसऱ्यातच हाय."

"पिल्लै?"

मी नर्सिंग असिस्टंटला विचारलं. तो म्हणाला, श्वास आहे, आणि आता जरा सुधारतोय. आम्ही बरेच खाली आलो होतो.

"चांगला हाय," मी दत्ताला सांगितलं.

"मंग हळू चल. घाई करू नकोस."

त्यानंतर तो बोलला नाही. फील्ड हॉस्पिटलच्या गेटवर पोचलो तेव्हा पिल्लैने स्वतः मान उचलून बघितलं. दत्ताला डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शवपेटीबरोबर धारूरला मीच आलो. सलामी झाली, पुढारी येऊन गेले, गर्दी ओसरली. दत्ताचे वडील गोठ्याजवळ बसले होते. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"पोरा, जाळ कुनी ठिवलाता?"

खोटं सांगणं सोपं होतं. फौजेच्या चौकशीत मी जे सांगितलं तेच त्यांना सांगितलं.

"त्यानंच, काका. सवयीनं ठेवला. मग गाडी लांब नेली. न्यायची न्हाई म्हणला असता तर तो वाचला असता. आमी राहिलो नसतो."

त्यांनी गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमी उसाच्या फडावर असायचो. पहाटं थंडीनं कुनाचे हात चालायचे न्हाईत. ह्यो एवढासा होता. कुनी न सांगता उठायचा आन् पाचटाच्या कोपीम्होरं जाळ करायचा. समदी टोळी त्याच्या जाळावर हात शेकून कामाला जायाची."

मग त्यांनी विचारलं, "ज्याला खाली नेलाव, त्यो मानूस?"

"वाचला, काका."

"मंग झालं," ते म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला उठले.

पिल्लै आता त्याच्या गावी असतो, नातवंडं आहेत. त्या पोस्टवरचे आम्ही सगळे पेन्शनवर घरी आलो. लान्स नायक दत्ता शिनगारे तेवढा आला नाही.